पाटाच्या कडेने सायकल

आम्ही विंचूरच्या बचत गटाच्या सगळ्याजणी बोलतोय. हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, ऐकता ऐकता कांदेही निवडून होतात. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आमच्या मासिक बैठकीत तो निघाला तेव्हा आम्हीही हसलो होतो. विषय आहे सायकलवरून सहल. तीही नदीकाठाने, आणि शक्यतो मोटार-ट्रक नसलेल्या वाटेने.

एक मावशी लगेच म्हणाल्या, "अगं, दिवसभर वाकून कंबर मोडते. सुट्टीच्या दिवशी सायकल कशाला हाणायची?" प्रश्न रास्त होता. म्हणून आधी हे सांगतो की ही गोष्ट आमच्या डोक्यात आली कुठून.

खुंटीला टांगलेली सायकल

विंचूर नाशिक-छत्रपती संभाजीनगर महामार्गावर आहे. शेजारी लासलगावची कांद्याची बाजारपेठ, आमच्या गावातही कांद्याचे लिलाव होतात. हंगामात पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्यात उसाच्या गाड्या, मोठे ट्रक, एसटी आणि घाईतले मोटारसायकलवाले. या गर्दीत सायकलवाल्याला जागा असते ती डांबर संपतं तिथे, साइडपट्टीच्या खड्ड्यात.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक नववीत होती. रोज सायकलने शाळेत जायची. एका सकाळी भरलेल्या ट्रॉलीचा फाळका तिच्या दप्तराला घासून गेला. पोरगी साइडपट्टीवर पडली, कोपर फुटलं, नशिबाने तेवढ्यावर निभावलं. पण त्या दिवसापासून सायकल पडवीत खुंटीला टांगली गेली. भावाला वेळ असेल तेव्हा तो मोटारसायकलवर सोडायचा. त्याला वेळ नसेल तेव्हा शाळा बुडायची. महिनाभरात तिचे सात खाडे झाले. ताई म्हणाल्या, "सायकल विकून टाकते. ती दिसली की नुसता जीव खालीवर होतो."

त्या बैठकीत आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण प्रत्येकीच्या घरात अशी एखादी सायकल आहे. सायकल मोडलेली नसते, पोरीला चालवताही येते. फक्त ती चालवायला रस्ता उरलेला नसतो. मग आम्ही विचार केला, मोठा रस्ता सोडून दुसरी वाट आहे का? आणि जगात इतर ठिकाणी लोक काय करतात?

फ्रान्सची नदी आणि घोड्यांची वाट

शोध घेताना कळलं की फ्रान्स देशात ही गोष्ट फार पुढे गेली आहे. तिथली सगळ्यात लांब नदी लुआर. आपल्या गोदावरीसारखीच ती अर्धा देश ओलांडून समुद्राला मिळते. तिच्या काठाने सायकलची जवळजवळ ९०० किलोमीटरची वाट आखली आहे. लोक घरच्या सायकली घेऊन येतात, मुलांना पुढे घालून रोज तीस-चाळीस किलोमीटर जातात, वाटेतल्या गावात मुक्काम करतात आणि सकाळी पुढे निघतात. घाई नाही, शर्यत नाही. आपली पायी दिंडी जशी मजल-दरमजल जाते, तसंच हे सायकलवर.

आता यातली समजून घेण्यासारखी गोष्ट ही की अशा वाटांसाठी त्यांनी सगळीकडे नवी जमीन घेतली नाही. जुन्या, पडून राहिलेल्या वाटा शोधल्या. त्या दोन प्रकारच्या.

पहिली वाट घोड्यांची. पूर्वी तिथे कालव्यांतून मालाच्या होड्या चालायच्या. इंजिन नव्हतं, तेव्हा होडीला दोर बांधून काठावरून घोडे, कधी कधी माणसंही ती ओढत. त्यासाठी पाण्याला लागून एक सपाट पायवाट केलेली असे. पुढे रेल्वे आली, ट्रक आले, घोडे गेले आणि वाट तशीच राहिली. दक्षिण फ्रान्समध्ये 'कनाल द्यु मिदी' नावाचा २४० किलोमीटरचा कालवा आहे. तो १६६६ ते १६८१ या काळात खणला, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा काळ. तो खणणाऱ्या हजारो मजुरांत शेकडो बायाही होत्या. डोंगरातल्या गावांत पाणी वळवण्याचं, चढ-उताराचा अंदाज घेण्याचं ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आलेलं होतं, ते या बायांनी कामाला आणलं, असं अभ्यासक सांगतात. आज त्याच काठावरून सायकली चालतात.

दुसरी वाट बंद पडलेल्या रेल्वेची. रूळ काढले आणि खालच्या भरावावर गुळगुळीत वाट केली. बरगंडी भागात जिव्री ते क्ल्युनी अशी पहिली वाट १९९७ साली खुली झाली. अशा वाटांना तिथे 'हिरवी वाट' म्हणतात, आणि कायद्यातही तिची व्याख्या आहे. तिच्यावर मोटारगाड्यांना बंदी. सायकलवाले, पायी चालणारे, चाकाच्या खुर्चीतून जाणारे यांच्यासाठीच ती राखलेली.

इथे कालवा आणि रेल्वेच का, हे आपण शेतकरी बायांना लगेच कळेल. पाटाला उतार किती ठेवतात? अगदी थोडा, पाणी हळू सरकेल इतकाच. रेल्वेलाही मोठा चढ चालत नाही. म्हणून या दोन्हींच्या कडेची वाट जवळपास सपाट असते. सपाट वाटेवर लहान मूलही सायकल चालवतं आणि साठीची आजीही. दमछाक चढावर होते, अंतराने तितकी होत नाही.

खरं तेही सांगायला हवं. लुआरकाठची सगळीच वाट मोटारमुक्त नाही. जिथे काठाने जाता येत नाही, तिथे ती कमी वर्दळीच्या गावरस्त्यावरून नेली आहे. मोठा रस्ता टाळायचा आणि वळणावळणावर पाटी लावायची, एवढं मात्र कटाक्षाने पाळतात.

कमाई कोणाची?

आमच्या कोषाध्यक्ष ताईंचा प्रश्न ठरलेला असतो, "यात पैसा कोणाला मिळतो?"

तर तिथे सायकलवाल्यांचं स्वागत करणाऱ्या घरांना आणि लॉजना एक खास पाटी देतात. तिच्या अटी ऐका. घर सायकलवाटेपासून पाच किलोमीटरच्या आत हवं. रात्री सायकली कुलपात ठेवायला जागा हवी. पंक्चर काढायचं सामान हवं. सकाळी पोटभर न्याहारी हवी. पुढच्या वाटेची माहिती देता आली पाहिजे. झालं! यात तलाव, एसी, संगमरवर काही नाही. मोटारीने जाणारा माणूस गावावरून ऐंशीच्या वेगाने निघून जातो, तुमच्या गावाचं नावही वाचत नाही. सायकलवाला मात्र दर तासाला थांबतो, कारण त्याला तहान लागते, भूक लागते. आणि रात्री त्याला छप्पर लागतं. म्हणून त्याचा पैसा वाटेवरच्या छोट्या गावांत, छोट्या घरांत राहतो.

मैत्रिणींनो, त्या अटी वाचून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. भाकरी, पाणी, पडवी आणि मायेचे दोन शब्द, यात आपल्याकडे कशाची कमतरता आहे?

आपल्या दारातली नदी

आता आपल्याकडे या. विंचूरपासून दक्षिणेला उतरलं की गोदाकाठ लागतो. निफाड तालुक्यातच नांदूर-मधमेश्वर इथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तिथे इंग्रज अमदानीतला, शंभर वर्षांहून जुना दगडी बंधारा आहे. बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगाव, राहात्याकडे पाणी नेतात. पुढच्या काळात वैजापूर-गंगापूरसाठी जलद कालवाही झाला. पलीकडे पालखेडचा डावा कालवा येवल्याकडे जातो. आपला तालुका म्हणजे पाटांचं जाळंच.

बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना घर मिळालं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. पुढे २०१९ साली त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. रामसर हे इराणमधल्या एका गावाचं नाव. तिथे १९७१ साली पाणथळ जागा जपण्याचा जागतिक करार झाला, म्हणून हे नाव. त्या यादीत आपल्या निफाडची जागा आहे, आणि आमच्या गटातल्या निम्म्या बायांनी ती पाहिलेली नव्हती! नाशिक-पुण्याची माणसं मोठ्या दुर्बिणी घेऊन येतात आणि आपण वीस-पंचवीस किलोमीटरवर राहून जात नाही. कारण विचाराल तर एकच, "कोण नेणार?"

म्हणून ठरवलं की आपणच जायचं. प्रत्येक कालव्याच्या कडेने एक वाट असते, पाटकरी जातो-येतो ती. तिचा जिथे उपयोग होईल तिथे करायचा, बाकी गावरस्त्याने जायचं, महामार्गावर चालवायचं नाही.

तयारी दीड महिन्याची

आम्ही अकराजणी निघालो, नऊ बाया आणि दोन पोरी. त्यातली एक ती खुंटीच्या सायकलवाली. नवांपैकी चौघींना सायकल येतच नव्हती. वयाच्या पस्तिशीत शिकायची लाज वाटत होती. तेव्हा आम्ही त्यांना तमिळनाडूतल्या पुदुकोट्टाई जिल्ह्याची गोष्ट सांगितली. १९९१च्या सुमारास तिथे साक्षरतेची चळवळ झाली. अक्षरांबरोबर बायांना सायकलही शिकवायची असं ठरलं आणि काही वर्षांत लाखाच्या घरात बाया सायकल शिकल्या. मजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई, सगळ्या. लोक हसले, टोमणे मारले, आणि मग गप्प बसले. ही गोष्ट ऐकून आमच्या चौघी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर यायला लागल्या.

शिकायची सोपी रीत सांगतो. आधी सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. पायडलला पाय न लावता नुसतं पायांनी ढकलत जा. तोल सापडला की मग पायडल. मागून कोणी धरायची गरज पडत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तिघी चालवायला लागल्या, चौथीला पंधरा दिवस लागले. शिकून झालं की सीट वर घ्या. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवून गुडघा सरळ झाला पाहिजे. आपल्या बाया सीट खाली ठेवून चालवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलला नावं ठेवतात.

सायकली नव्या घेतल्या नाहीत. घरोघरच्या जुन्याच गोळा केल्या. गावातल्या सायकलवाल्या दादांकडून ब्रेकचे रबर बदलले, चेनला तेल दिलं. हवा किती भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं, तेही तेव्हाच कळलं. साडी नेसणाऱ्यांच्या सायकलला मागच्या चाकावर जाळी बसवली. सामान पाठीवर न घेता कॅरिअरवर जुन्या ट्यूबने घट्ट बांधलं. सोबत पंप, दोन पाने, पंक्चरचं सोल्यूशन आणि ठिगळं घेतली, आणि पंक्चर काढायला दोघी शिकल्या.

खाण्यात भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे. पाणी प्रत्येकीजवळ दोन बाटल्या. आणि एक गोष्ट, जी कोणत्याही पुस्तकात लिहीत नाहीत: लघवीला कुठे थांबायचं ते आधी ठरवलं. वाटेतल्या तीन गावांतल्या गटाच्या मैत्रिणींना फोन करून ठेवले. बाई सहलीला जाताना पाणी कमी पिते ती याच भीतीने, आणि मग चक्कर येते. ही सोय आधी झाली की निम्मी काळजी मिटते. कोणाला पाळी आली तर काय, तेही उघड बोललो आणि कापडाची पिशवी सामानात टाकली.

अंतराचा हिशेब असा ठेवला. नवखी बाई कच्च्या वाटेवर तासाला आठ-दहा किलोमीटर जाते. दर तासाला दहा मिनिटं थांबायचं. पाटाची वाट वळणं घेत जाते, म्हणून सरळ रस्त्यापेक्षा चार-पाच किलोमीटर जास्तच धरायचे. म्हणजे पंचवीस किलोमीटरला साडेतीन-चार तास. जाऊन-येऊन एका दिवसात जमलं नसतं, म्हणून एक मुक्काम धरला. लिलावाला सुट्टी असलेला दिवस निवडला, म्हणजे गावाबाहेर पडताना ट्रॉल्या कमी.

दोन दिवसांची गोष्ट

डिसेंबरातली थंडी. चांगलं उजाडल्यावर निघालो, त्याचं कारण पुढे सांगतो. महामार्ग सायकली हातात धरून ओलांडला. तेवढ्या शंभर पावलांत छाती धडधडली. मग गावरस्ता, दोन्हीकडे कांद्याचे वाफे, आणि पुढे पाटाची वाट.

मैत्रिणींनो, त्या वाटेवर पहिल्या पाच मिनिटांत जी गोष्ट जाणवली ती शांतता. हॉर्न नाही. मागून कोण येतंय म्हणून मान वळवायची नाही. आम्ही दोघी-दोघी शेजारी चालवत बोलत होतो. महामार्गावर सायकलवाल्याला बोलताही येत नाही, हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. आम्ही बंधाऱ्याकडे चाललो होतो आणि पाटाचं पाणी आमच्या उलट्या दिशेने, खालच्या गावांकडे. ती पोरगी सगळ्यांच्या पुढे होती. तिची आई मागून "हळू गं" म्हणत होती, पण आवाजात भीती नव्हती.

सगळं गोड गोड नव्हतं. पाटाच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली. पहिल्या दहा किलोमीटरात तीन पंक्चर झाले. एका ठिकाणी चारी फुटून वाट भिजली होती, काळी माती चाकाला अशी चिकटली की सायकली उचलून न्याव्या लागल्या. ज्या मावशींनी बैठकीत प्रश्न विचारला होता, त्यांनी तिथे आमच्याकडे फक्त एकदा पाहिलं. आम्ही नजर चुकवली.

दुपारी बंधाऱ्याशी पोहोचलो. मध्यमेश्वराला हात जोडले. वनखात्याच्या मनोऱ्यावर चढून पाहिलं तर पाणी पक्ष्यांनी भरलेलं. लांब लाल पायांचे शेकाटे, पिवळ्या चोचीचे चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या, थंडीत उत्तरेकडून येणारी चक्रवाकं आणि बदकं. आणि काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला पक्षी, त्याचं मराठी नाव 'वारकरी'. कपाळाला गंध लावून माउली पाण्यात निघाल्यासारखेच दिसत होते ते. आमच्यातल्या वारीच्या काकूंनी त्यांनाही नमस्कार केला.

रात्री गोदाकाठच्या एका गावात तिथल्या बचत गटाकडे मुक्काम केला. पिठलं, बाजरीची भाकरी, कांद्याची पात, वर गरम दूध. झोपायला एका ताईंची ओसरी आणि आतली खोली. सकाळी पोह्यांची न्याहारी. निघताना आम्ही माणशी दोनशे रुपये, म्हणजे बावीसशे रुपये पुढे केले, तर त्या घेईनात. "पाहुणीकडून पैसे घ्यायचे का?" आम्ही म्हटलं, "ताई, पीठ विकत येतं, सरपण विकत येतं, आणि तुमची पहाटेची चार वाजताची उठणी फुकट कशी?" बराच वेळ झाल्यावर त्यांनी पैसे गटाच्या खात्यात घेतले. नंतर त्यांचा फोन आला. त्यांनी खर्चाचा हिशेब मांडला होता आणि शिल्लक किती राहिली ते पहिल्यांदाच कागदावर लिहिलं होतं. आपल्या कामाची किंमत आपणच लावायला शिकणं हे या सहलीतलं मोठं काम झालं.

धोके झाकायचे नाहीत

आता जपायच्या गोष्टी. पहिली म्हणजे बिबट्या. गोदाकाठी ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून अंधारात, पहाटे किंवा दिवेलागणीला निघायचं नाही. उजेडातच मुक्कामाला पोहोचायचं, एकटीने जायचं नाही, लहान मुलांना मधे ठेवायचं, उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही.

दुसरी, पाणी. कालव्याला आवर्तन चालू असताना पाणी शांत दिसतं, पण ओढ जबर असते, आणि अस्तर केलेल्या उतारावर शेवाळ असतं. हातपाय धुवायला खाली उतरायचं नाही. सायकल पाण्याकडच्या कडेने न चालवता आतल्या कडेने चालवायची. अरुंद जागी उतरून चालायचं.

तिसरी, परवानगी. पाटाची वाट जलसंपदा विभागाची असते. आम्ही आधी पाटकरी दादांना विचारलं, आवर्तन कधी आहे आणि कोणता तुकडा चांगला आहे ते समजून घेतलं. पाणथळीजवळ मोठ्याने गाणी नाहीत, प्लास्टिक नाही. पक्षी उडवून फोटो काढायचा नाही.

ग्रामसभेत काय मागायचं?

परत आल्यावर आम्ही ग्रामसभेला अर्ज दिला. मागणी मोठी नव्हती. पाटाच्या कडेच्या दोन-तीन तुकड्यांवर मुरूम टाकावा. वेडी बाभूळ काढावी. महामार्ग ओलांडायच्या जागी गतिरोधक आणि पाटी असावी. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी त्या वाटेवर मोटारसायकली आणि ट्रॅक्टर नसावेत. आणि यासाठी ग्रामपंचायतीने जलसंपदा विभागाकडे रीतसर विचारणा करावी.

विरोध झाला. एक काका म्हणाले, "आमची वाट त्याच पाटावरून आहे. ट्रॅक्टर नेऊ नको तर काय डोक्यावर खत नेऊ?" खोटं काय त्यात? आमच्याही घरचे ट्रॅक्टर तिथूनच जातात. मग बोलणं झालं ते वेळेवर. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास मोठी वाहनं थांबतील का, एवढ्यावर गोष्ट आली. वाट कोणाची हिसकावून घ्यायची नाही, वाटून घ्यायची आहे. अजून ठराव झालेला नाही, पुढच्या सभेत विषय पुन्हा आहे. तोवर बाभळीचा एक तुकडा आम्ही पाटकरी दादांना विचारून कोयते घेऊन साफ केला. आधी नाक मुरडणारे दोघे दादाही दुसऱ्या दिवशी आले.

तुमच्या गटाला हे करायचं असेल तर लहान सुरुवात करा. आधी गावाचा एक नकाशा पाटीवर काढा. शाळा, दवाखाना, बाजार, देऊळ, मळे आणि त्यांना जोडणाऱ्या सगळ्या वाटा: पाट, शिवरस्ता, पाणंद, जुना गाडीरस्ता. कोणत्या वाटेवर मोटारी कमी आहेत ते खुणेने दाखवा. मग पाच किलोमीटरची एक फेरी काढा. ती जमली की दहाची, मग मुक्कामाची. वाटेवरच्या गटांशी आधी बोला आणि जेवणाचा दर आधी ठरवा. पुढे पाहुण्यांना घरात उतरवायची इच्छा असेल तर पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे. शासनाने २०२३ साली 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरणही आणलं, त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायाच्या कर्जावरचं व्याज परत मिळण्याची तरतूद आहे. कागदपत्रं आणि अटी पर्यटन खात्याच्या कार्यालयातून आधी नीट विचारून घ्या, कर्ज मग.

पण एक सांगतो. पाहुणे येतील, पैसा येईल, ते चांगलंच. तरी आमच्या मते क्रम उलटा लावू नये. जी वाट गावच्या पोरीला शाळेत सुखरूप नेते, म्हाताऱ्या आईला दवाखान्यापर्यंत चालू देते, तीच वाट पाहुण्यालाही आवडते. फक्त पाहुण्यांसाठी केलेली वाट दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते, कारण तिच्यावर रोज कोणी चालत नाही.

त्या पोरीचं काय झालं ते सांगून थांबतो. ती आता दहावीत आहे. घरून शाळेला महामार्गाने साडेतीन किलोमीटर, पाटाच्या कडेने पाच. ती आणि वाटेवरच्या मळ्यांतल्या चौघी मिळून पाटाच्या कडेने जातात. पावसाळ्यात वाट चिखलाची होते तेव्हा अजूनही खाडे होतात, म्हणूनच मुरमाची मागणी आम्ही सोडणार नाही. परवा ती आईला म्हणाली, "आई, माझ्या सीटची उंची वाढव, मी वाढले." पडवीतली खुंटी आता रिकामी आहे, तिला ताईंनी लसणाची जुडी टांगली आहे.

तुमच्याकडे अशी वाट असेल, किंवा होती आणि बुजली असेल, तर आम्हाला जरूर कळवा. येतो आम्ही सायकलवर. पाणी तेवढं तयार ठेवा. रामराम मैत्रिणींनो!